पत्र्याखालचा कडबा

दुष्काळ पडला की लोक छपराचं गवत उपसून गुरांपुढं टाकतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण भर दुष्काळात गुरांची वैरण उचलून छपराला लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो आत्ता तुमच्यासमोर बशीत चहा ओतून बसलाय.

हसू नका हो. अजून सुरुवातही केलेली नाही.

तर तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. मी मूळचा नांदेडचा, शहरात वाढलेला, वडील गिरणीत. शेतीशी माझा संबंध भाजीमंडईपर्यंतच. नवा जिल्हा झाला तशी नवी ऑफिसं निघाली आणि त्यातल्या एकात मला कारकुनाची नोकरी लागली. ऑफिसात टेबल होतं, खुर्ची यायची होती. पाटी होती, तिच्यावर नाव यायचं होतं. आणि गावात आम्ही नोकरदार मंडळी आलो होतो, पण आम्हाला राहायला घरं यायची होती!

खोल्यांचा असा तुटवडा, की ज्याच्याकडं रिकामा गोठा होता त्यानं गोठ्याला चुना मारला, दाराला कडी बसवली आणि भाडेकरू शोधायला लागला. माझी खोली त्यातलीच. एका भिंतीला गव्हाणीची खूण अजून दिसत होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि दाराच्या बाजूला छत इतकं उतरतं की मला टोपी घालून आत जाता येत नव्हतं.

घरमालक शिवलिंगअप्पा. गंजगोलाईकडं त्यांची डाळीची अडत, कपाळाला रोज विभूती, आणि बोलणं मोजकं. माझं आडनाव ऐकल्यावर काही लोकांच्या खोल्या आदल्याच दिवशी भाड्यानं गेलेल्या निघायच्या. अप्पांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "बाबू, पाणी कमी वापरता न्हवं?" मी हो म्हणालो. खोली मिळाली.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा मी आणि सुमननं त्या पत्र्याखाली काढला. त्यातच एकदा माझे सासरे लेकीला भेटायला आले. मुखेड तालुक्यातले शेतकरी. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मामा दुपारी खोलीत बसले, थोड्या वेळानं घाम पुसत उठले आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले ते एसटीची वेळ होईपर्यंत. जाताना मला काही बोलले नाहीत. पण लेकीच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांनी पत्र्याकडं असं पाहिलं, की मला त्या पत्र्याची लाज वाटली.

पुढं सुमन बाळंतपणाला माहेरी गेली आणि हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली. केवढीशी ती! मूठ माझ्या अंगठ्याभोवती पुरत नव्हती. सुमनला दूध कमी येत होतं, म्हणून पोरीला मामांच्या तांबड्या गाईचं दूध चालू केलं होतं. ते तिला मानवलंही होतं. ही गाईची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

शिमगा जवळ आला तसा मी मायलेकींना आणायला मुखेडला गेलो. मामांनी पाहुणचार केला, शेंगा पुढं ठेवल्या आणि मग म्हणाले, "जावईबापू, राग धरू नका. त्या पत्र्याखाली पापड ठिवला तर भाजून निघतो. तिथं म्या लेकरू कसं ठिवू?"

"मामा, बाकीचे पण राहतातच की."

"ऱ्हाऊ द्या. माजी नात न्हाई ऱ्हानार. तुमी खोली गार करा. म्या सोता दोघींस्नी घेऊन येतो, बसून बघतो. गार वाटलं तर ठिवून जातो. न्हाईतर माघारी आनतो. मंग पाऊस पडल्यावर बघू."

पाऊस पडल्यावर! मागच्या दोन वर्षांत ज्याला कुणी धड पाहिलं नव्हतं त्या पावसावर माझा संसार टांगला. मी सुमनकडं पाहिलं. ती मान खाली घालून पोरीच्या झबल्याची नाडी बांधत होती. ती नाडी आधीच बांधलेली होती. तिला यायचं होतं हो! मलाही दोघी हव्या होत्या. रोज ऑफिसातून येऊन रिकाम्या खोलीचं कुलूप काढायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं काढलंय त्यालाच कळतं.

एसटीवर पोचवायला माझा मेहुणा बंडू आला होता. मी त्याला म्हणालो, "बंडू, पत्र्याखाली काहीतरी जाड थर घालावा लागेल बघ. पण दुष्काळात मिळतंय काय?"

बंडू म्हणाला, "बगा की. आबा बी कायतरी धाडनार हायेत तुमच्याकडं. उतरून घ्या."

आबा म्हणजे त्याचे वडील, आमचे मामा. बस्स. एवढंच बोलणं झालं. यातून कुणाला काय कळेल? मला मात्र सगळं कळलं.

लातुरात आल्यावर मी जो भेटेल त्याला पत्र्याखाली काय घालावं ते विचारायला लागलो. अप्पा म्हणाले, "आमच्या माळवदाला बघा, खाली लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर लिंबाचा पाला, आन त्यावर हातभर पांढरी माती. आत शिरलं की वैशाखात पांघरूण लागतं." पण माती भिजवायला पाणी? टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची आणि त्या रांगेत सख्ख्या जावा एकमेकींना ओळखत नव्हत्या. त्यात मी चिखल करायला पाणी मागितलं असतं तर मलाच भिंतीत लिंपलं असतं.

आमच्या ऑफिसातले मोठे बाबू म्हणाले, गारवा खालून येतो, फरशी उचलून खाली जाड वाळू टाका आणि रोज एक घागर सोडा. पुन्हा घागर! शेजारच्या काकू म्हणाल्या, ओली पोती टाका. ओली! ज्याला त्याला पाणीच आठवत होतं. कोरड्या उपायाचा एकच माणूस निघाला, तो म्हणजे माझ्या टेबलाशेजारचा सय्यदभाई.

"नक्को मियाँ पाणीबिणी," तो म्हणाला. "बारदाना ले. वाश्यांना खालून ठोक. वर पत्रा, खाली बारदाना, बीच में कुछ भी भर दे. गवत भर, भुसा भर. एकदम फस्कलास थंडा रहता."

सय्यदभाई हैदराबादेत वाढलेला. कडबा आणि ऊस यांतला फरक त्याला चावल्यावरच कळायचा. आणि मी त्याचा शिष्य!

आठवड्याभरात एक दिवस मुखेडकडून गंजगोलाईच्या बाजारात तूर घेऊन आलेला ट्रक आमच्या दारात थांबला. ड्रायव्हरनं अंगणात लिंबाखाली कडब्याच्या पेंढ्या धडाधड टाकल्या. "तुमच्या सासऱ्यानं दिल्यात," म्हणाला आणि गेला.

मी त्या ढिगाकडं बघत उभा राहिलो आणि खरंच सांगतो, माझे डोळे भरून आले. मी पत्र्याखाली घालायला काहीतरी पाहिजे म्हणालो, बंडूनं घरी सांगितलं, आणि त्या माणसानं दुष्काळात कडबा धाडला! सासरा असावा तर असा. मनातल्या मनात मी त्यांना वाकून जयभीम घातला.

गाय? कसली गाय? माझ्या डोक्यात गाय नव्हतीच. डोक्यात नुसता पत्रा होता.

रविवारी सय्यदभाई आला. अप्पा कुणाच्या लग्नाला उदगीरला गेले होते, त्यामुळं अडवणारं कुणी नव्हतं. अप्पांच्या अडतीवरची जुनी पोती उसवून आम्ही एकाला एक जोडली. दाभणात सुतळी ओवायची आणि टोचायची. दोन टाके बारदानाला, तिसरा माझ्या बोटाला. मग वाश्यांना खालून बारदान ठोकलं आणि वर कडबा सारायला लागलो. पेंढी लांब पडायची तिथं कुऱ्हाडीनं तिचे तुकडे केले. अप्पांच्या माळवदातली लिंबाच्या पाल्याची गोष्ट माझ्या लक्षात होती. किडामुंगी लागू नये म्हणून झाडाचा डहाळा उतरवून प्रत्येक थरात पाला पसरला. अगदी मनापासून पसरला. माझी लेक खाली झोपणार होती ना!

संध्याकाळी सय्यदभाई आडवा पडून वर बघत म्हणाला, "महल हो गया मियाँ."

छत मधून मधून पोट सुटल्यासारखं लोंबत होतं, विशेषतः दाराच्या उतरत्या बाजूला. पण खोली गार होती! दुपारच्या भर उन्हातसुद्धा गार. माझ्या हाताला एवढे फोड आले होते की ऑफिसात टाचणी उचलता येत नव्हती, पण मी शीळ घालत होतो.

अप्पा लग्नाहून आले, डोकावले आणि वर बघत म्हणाले, "काय घातलं म्हणता?"

"कडबा."

"कडबा," अप्पा म्हणाले. त्यांनी बारदानाला बोट लावून पाहिलं. "कडबा," ते पुन्हा म्हणाले आणि निघून गेले. मी समजलो, माणूस थक्क झाला. नंतर कळलं, त्यांना वाटलं होतं की नव्या जिल्ह्यात कारकुनांचे पगार भलतेच वाढले.

मी मुखेडला निरोप धाडला. खोली गार झाली, या.

आणि आले! स्टँडवर एसटीतून आधी मामांचं मुंडासं दिसलं, मग सुमन, मग तिच्या खांद्यावर एक टोपडं. पोरीला घेतलं तर ती माझ्याकडं टकामका बघत राहिली आणि मग एकदम हसली. मी तिथंच पाघळलो. आता जगात काही वाईट होऊ शकत नाही असं माणसाला कधी कधी वाटतं ना, तसं मला नेमकं तेव्हा वाटलं.

मामा पिशवी उचलत म्हणाले, "वैरन पोचली न्हवं समदी?"

"पोचली मामा! फार उपकार झाले."

"उपकार कसले. तांबडी सांजच्याला येती. बंडू ट्रकात घेऊन यालाय. लेकराला बाहेरचं दूध न्हाई मानवनार, म्हनून म्हनलं गाईलाच धाडावं. आमच्या बैलांच्या वाट्याचा काढून पावसाळ्यापतुर पुरंल एवढा कडबा दिलाय तिला. तुमी फकस्त जपून घाला."

ऐकलंत? तुम्ही ऐकलंत. मीही ऐकलं. मी कडेवरच्या पोरीचं टोपडं उगाच नीट करायला लागलो.

"मंग," मामा म्हणाले, "कुटं ठिवला कडबा?"

"वर," मी म्हणालो.

"माळवदावर? शान्याचं काम केलं. खाली ठिवला तर शेरडं खात्यात."

अप्पांचं माळवद आहे हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना तसंच समजू दिलं. तुम्ही बोलला असता?

घरी आलो. सुमननं आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "अगंबया! किती गार!" मामा उतरत्या बाजूला वाकळ टाकून बसले. मुंडासं काढलं. गेल्या वर्षी ज्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि हात कोरडाच पाहिला.

"लई गार हाय की वो! काय घातलं वर?"

"बारदान, मामा."

"नुसत्या बारदानानं एवढं?"

"डबल आहे."

मामांनी मान डोलावली. झोळीत पोर झोपली होती, तिच्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "सुमन," ते म्हणाले, "लेकरू ऱ्हाईल हितं. माझ्या जिवाचा घोर गेला बघ." आणि माझ्याकडं वळून, "जावईबापू, बाप न्हाई करनार एवढं केलं तुमी."

ज्या शब्दांसाठी मी बोटं फोडून घेतली होती ते शब्द मिळाले, पण त्यांचा आनंद घ्यायला सवडच मिळाली नाही. कारण लगेच पुढचं वाक्य आलं. "तांबडी यायच्या आदी चार पेंढ्या काढून ठिवा खाली. परवासानं भुकेजली असंल."

मी मागच्या दारानं निसटलो. सय्यदभाईला गाठलं. "कुठूनही कडबा आण. चोरून आण, मागून आण, पण आण!" तो सायकल घेऊन सुटला. मी परत येऊन मामांना चहा पाजत बसलो. एक कप झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मामा म्हणाले, "जावईबापू, पान्याचा दुष्काळ हाय म्हनता न्हवं तुमच्याकडं?"

दिवस कलला. बाहेर ट्रक वाजला. बंडू दोर धरून तांबडीला अंगणात घेऊन आला. बिचारी बरगड्या मोजून घ्याव्या अशी झाली होती, पण डोळे मात्र मोठाले आणि शांत. त्याच वेळी सय्यदभाईची सायकल आली. कॅरिअरला कोबीचा पाला बांधलेला.

"कडबा सारे शहर में नहीं," तो माझ्या कानात म्हणाला. "ये भी भाजीवाले से झगडके लाया."

मी कोबी तांबडीपुढं धरला. तिनं हुंगला. मग मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि हवेत काहीतरी शोधायला लागली. माझ्या त्या गार खोलीकडं तोंड करून ती अशी हंबरली, की अप्पा सुद्धा बाहेर आले. बंडू पाणी पीत होता, दोर त्याच्या हातात सैल होता. आणि ती निघाली.

गोठाच होता हो तो मूळचा! दार गाईच्या मापाचं. दोन पावलांत तिचं अर्धं धड आत. समोर मामा चौथा कप घेऊन बसलेले, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर माझ्या छताचं पोट लोंबतंय, त्याच्या शिवणीतून कडब्याचं एक धाट बाहेर आलेलं. तांबडीनं मान उंचावली, जीभ काढली, धाट धरलं आणि ओढलं.

सुतळी उसवत गेल्याचा आवाज मी आजही विसरलो नाही. टर्रर्र करत शिवण गेली आणि अर्धं छत मामांवर आलं! कडबा, लिंबाचा पाला, धूळ, आणि सय्यदभाईची हरवलेली पक्कड.

धूळ खाली बसली तेव्हा मामा गळ्यापर्यंत वैरणीत होते. हातातला कप शाबूत होता, त्यात लिंबाची पानं तरंगत होती. तांबडी त्यांच्या खांद्यावरचा कडबा शांतपणे खात होती. झोळी पलीकडच्या बाजूला होती, तिच्यातलं आमचं रत्न जागं होऊन गाईकडं बघून हात उडवत होतं.

मामांनी कप खाली ठेवला. एक पेंढी उचलली, तिची गाठ पाहिली. "हा माझाच कडबा हाय," ते म्हणाले. "ही माज्या हातची गाठ हाय."

"मामा, मला वाटलं, तुम्ही छतासाठीच..."

"छतासाठी?" त्यांचा आवाज मोठा नव्हता, हेच वाईट होतं. "बैलं माज्याकडं बघत हुती ट्रक भरताना. त्यांच्या म्होरून उचललाय म्या ह्यो. आन तुमी कुऱ्हाडीनं तोडून... लिंब कामून घातला ह्यात?"

"किडे लागू नयेत म्हणून."

मामा उठले. अंगावरची पानं झटकली. "सुमन, बोचकं बांध. गाय बी माघारी न्यायची, लेकरू बी. छत बी ऱ्हायलं न्हाई आता, आन वैरन बी धड न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुळीनं, असं मी तेव्हा म्हणालो. धुळीनं नव्हतं.

सुमन जागची हलली नाही. तिनं माझा हात धरला आणि बापासमोर पालथा केला, मग उताणा केला. फोड अजून ओले होते. "आबा, ह्ये बगा," ती म्हणाली. "चुकलं त्येंचं. येड्यावानी केलं. पर कुनासाठी केलं? तुमी नातीसाठी बैलांच्या तोंडचं काढलं, ह्यांनी लेकीसाठी हाताची सालटी काढली. दोघं बी मला न इचारता करून बसले! मला इचारलं असतं तर दोघांस्नी सांगितलं असतं की."

मामांनी माझ्या तळहाताकडं पाहिलं.

"आन माघारी कामून न्यायचं?" सुमन पुढं म्हणाली. "कडबा अंगनात ठिवला तर गल्लीतली शेरडं ठिवत्यात व्हय? वरच बरा हाय त्यो. परत भरू. रोज तांबडीला लागंल तेवढा खालून काढायचा. बाकीचा वर सावली धरील. संपंस्तवर उन्हाळा बी सरंल."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. या बाईशी माझं लग्न झालंय, असा विचार मनात आला. मामांनी छताकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं, झोळीकडं पाहिलं. आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आधी वाटलं रडतात की काय. तर माणूस हसत होता! खांदे गदगदत होते. "डबल बारदान म्हनं!" म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. अप्पा हसले. सय्यदभाई तर दाराची चौकट धरून हसला.

मग सगळी गल्ली जमली. बाया तांदूळ निवडायला बसल्यासारख्या गोल करून कडब्यातला लिंबाचा पाला निवडायला बसल्या. कडू लागतो ना गाईला! "साहेब, गाईला कडू औशिद चारता, शेतकऱ्याचे जावई हाव का डाक्टरचे?" असं त्या मला विचारत होत्या आणि पुन्हा पुन्हा हसत होत्या. बंडूनं आणि मामांनी छत परत भरलं. सगळी शिवण सुमननं नव्यानं घातली. मला कुणी दाभणाला हात लावू दिला नाही.

निघायच्या आधी मामांनी काठी उचलून छताच्या एका कोपऱ्याला टेकवली. "जावईबापू, काढायला हितनं सुरू करा."

मी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. बरोबर माझं अंथरूण होतं तिथं.

झालं. रोज सकाळी मी माझ्या डोक्यावरचं छत काढून गाईला घालायचो. जेवढं दूध वाढत होतं तेवढा माझ्या बाजूचा पत्रा उघडा पडत होता. पोरीनं बाळसं धरलं, गालाला खळ्या पडल्या, आणि माझा रंग भाजून निघालेल्या शेंगेसारखा झाला. वैशाखात मामा पुन्हा आले तेव्हा अर्धी खोली गार होती आणि अर्धी भट्टी. भट्टीत मी.

मामा माझ्याकडं बघून कळवळले. "सुमन, अगं चार पेंढ्या त्यांच्या डोक्यावर बी सरकव की. मानूस हाय त्यो बी."

सुमन म्हणाली, "मी म्हनले हुते आबा. ह्येच ऐकंनात. म्हनत्यात, गाईला कमी पडंल."

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "लई मोठं मन हाय तुमचं," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी गावभर माझं नाव केलं. दुष्काळात गाईसाठी उन्हात झोपणारा जावई!

आता जरा इकडं सरका, हळू सांगतो. खरं काय झालं होतं ठाऊक आहे? एकदा सुमन पोरीला डोस पाजायला दवाखान्यात गेली होती. मी तिच्या बाजूच्या पेंढ्या काढून माझ्या डोक्यावर लावायला गेलो. बारदान धरलं की पेंढी खाली यायची, पेंढी धरली की बारदान सुटायचं. शेवटी सगळंच माझ्या टाळक्यावर आलं. ती यायच्या आत कसंबसं तिच्या बाजूला परत कोंबलं, टाके घातले आणि संध्याकाळी गंभीर चेहरा करून म्हणालो, "राहू दे, गाईला कमी पडेल." शिवता येत नव्हतं हो मला! त्या एका वाक्यावर सासुरवाडीत इतकी वर्षं मान घेत आलोय.

थांबा. आतून हसायचा आवाज येतोय.

"अवं, ठाऊक हाय मला!" ऐका, सुमनच बोलतेय. "दुसऱ्या दिशी तुमी हाफिसात गेल्यावर त्ये वाकडे टाके म्याच उसवून नीट घातले!"

"आँ? मग मामांना तसं कामून सांगितलंस?"

"त्यास्नी बी ठाऊक हुतं. त्या दिशी तुमी हाफिसातनं यायच्या आदीच वर बघितलं आन म्हनले, सुमन, तुज्या बाजूला एक वाकडा टाका ऱ्हायलाय बघ जावईबापूच्या हातचा. म्हनलं हाव. तर म्हनले, कळू देऊ नको. जरा कौतुक करतो त्यांचं, रोज भाजून निघालेत बिचारे."